हात धरावा केव्हां, सोडावा केव्हां

दांत घांसणें, सदऱ्याचीं बटणें लावणें, उजवी-डावी ओळखून चपला घालणें, तांब्यांतलें पाणी न सांडतां पेल्यांत ओतणें, या गोष्टी कधीं काळीं शिकाव्या लागल्या होत्या याची आठवण मोठ्या माणसांस सहसा राहत नाहीं. बहुतेक मुलें त्या पाहून पाहून उचलतात. थोरल्या भावाच्या मागें मोरीवर उभें राहावें, तो काय करतो तें पाहावें, चार दिवस पाण्याचा चिखल करावा, आणि पांचव्या दिवशीं कोणी न शिकवितांच तें काम हातीं यावें, असा घरोघरचा अनुभव आहे. म्हणूनच जें मूल असें पाहून शिकत नाहीं त्याच्याविषयीं घराचा निकाल फार लवकर लागतो. "याला येणारच नाहीं," असें एकदां ठरलें, कीं आई त्याचे दांत घांसते, आजी त्याला भरविते, धाकटी बहीण त्याच्या चड्डीची नाडी बांधते. हें सर्व मायेपोटींच होतें, आणि त्यांत वेळहि वांचतो. परंतु मूल पांच वर्षांचें असतांना जी माया शोभते तीच तें पंचवीस वर्षांचें झाल्यावर आईच्या थकलेल्या हातांना जड होते. आणि अशा घरांत एक प्रश्न, उघड कोणी न बोलतां, सर्वांच्या मनांत घोळत असतो: आपल्यामागें याला आंघोळ कोण घालील?

ज्या मुलांच्या बुद्धीची वाढ मंद गतीनें होते, किंवा जीं स्वमग्न असल्यामुळें दुसऱ्याचें अनुकरण सहज करीत नाहींत, त्यांना रोजचीं कामें शिकविण्याची एक पद्धत गेल्या साठ वर्षांत सिद्ध झाली आहे. तिला उपयोजित वर्तनविश्लेषण म्हणतात. नांव जड आहे. वस्तु त्या मानानें साधी आहे. माणूस एखादी कृति करतो, तिच्या मागोमाग त्याला कांहीं मिळतें अथवा कांहीं टळतें, आणि त्यावरून ती कृति पुन्हां होईल कीं नाहीं हें ठरतें, हा तिचा पाया. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९८ सालीं पेटाऱ्यांत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध करून या विचाराचा आरंभ केला, आणि स्किनर यांनीं १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत उंदरांच्या वर्तनावरून त्याचा पद्धतशीर विस्तार केला. मांजरें आणि उंदीर यांच्यापासून निघालेली विद्या माणसाच्या मुलांना लावावी याचा पुढें पुष्कळांना राग आला, आणि तो अगदींच अस्थानीं होता असें नाहीं. त्याचा विचार यथावकाश येईल. १९६८ सालीं या विषयास वाहिलेलें एक नवें नियतकालिक निघालें. त्याच्या पहिल्याच वर्षीं कॅन्सस विद्यापीठांतील बेअर, वुल्फ व रिस्ली या तिघांनीं या शास्त्राचीं लक्षणें लिहिलीं. त्यांपैकीं एक ध्यानांत ठेवण्यासारखें आहे: संशोधकाला जें कुतूहलाचें वाटतें तें नव्हे, तर त्या माणसाच्या आणि समाजाच्या दृष्टीनें जें महत्त्वाचें असेल तें या शास्त्रानें हातीं घ्यावें.

या तिघांपैकीं वुल्फ व रिस्ली यांनीं मीस या सहकाऱ्याबरोबर १९६४ सालीं प्रसिद्ध केलेली एका मुलाची हकीकत या पद्धतीचें मर्म कोणत्याहि व्याख्येपेक्षां चांगलें सांगते. मुलगा साडेतीन वर्षांचा. मोतीबिंदु झाल्यामुळें शस्त्रक्रिया करून त्याच्या डोळ्यांतील नैसर्गिक भिंगें काढून टाकलेलीं. चष्मा लावला तरच त्याला नीट दिसणार, आणि तो लवकर लावला नाहीं तर दृष्टि कायमची जाणार, असा नेत्रवैद्यांचा इशारा. पण मुलगा चष्मा डोळ्यांजवळ येऊंच देईना. तो स्वमग्न होता. थयथयाट करी, डोकें आपटून घेई, स्वतःला ओरबाडी, रात्रीं झोपत नसे. आईबापांचे सारे उपाय थकले होते आणि त्याला मनोरुग्णालयांत ठेवणें भाग पडलें होतें.

अशा वेळीं साधारण व्यवहार काय सांगतो? दोघांनीं मुलाला धरावें आणि तिसऱ्यानें चष्मा चढवावा. या संशोधकांनीं खोलींत ठिकठिकाणीं बिनभिंगाच्या नुसत्या चौकटी ठेवून दिल्या. मुलानें एखादी चौकट उचलली, कीं एका खेळण्याचा टक् असा आवाज व्हावा आणि त्याला गोड गोळीचा किंवा फळाचा लहानसा घांस मिळावा, अशी योजना होती. प्रथम नुसतें उचलणें पुरेसें होतें; मग हातांत धरून ठेवणें; मग ती घेऊन हिंडणें; मग ती चेहऱ्याजवळ नेणें. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याहून थोडासाच पुढें. ऐकावयास हें सरळ वाटतें. प्रत्यक्षांत तसें झालें नाहीं. मुलगा चौकट उलटीसुलटी लावी, काड्या कानांवर नीट बसेनात, डोक्याला कोणी हात लावलेला त्याला खपेना, आणि त्या गोळीफळाचें त्याला फारसें अगत्यहि नव्हतें. काम रखडलें. तेव्हां त्यांनीं चौकट बदलली. काड्या मोठ्या केल्या, ती घसरूं नये म्हणून डोक्यावरून आधार जोडला; आणि घांसहि बदलला. न्याहारीच घांसाघांसानें या कामास जोडली, आणि अखेर आइस्क्रीमनें बाजी मारली. पुढें नंबराचीं भिंगें बसलीं. त्यानंतर खाऊचेंहि तितकें कारण उरलें नाहीं. चष्मा लावला कीं फिरावयास जावयाचें, एवढें पुरूं लागलें. रुग्णालयांतून घरीं जाईपर्यंत त्या मुलानें ६०० हून अधिक तास चष्मा वापरला होता, आणि दिवसाकांठीं सुमारें १२ तास तो त्याच्या डोळ्यांवर राहत होता.

मुलाची न्याहारी अशी अडवून धरण्यास आज कोणी जबाबदार शिक्षक धजणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. पण या हकीकतींतील घेण्यासारखी गोष्ट न्याहारी नव्हे. घोडें अडलें तेव्हां त्या तिघांनीं मुलाच्या हट्टाची चिकित्सा करीत न बसतां चौकटीची काडी तपासली, ही ती गोष्ट आहे. मूल शिकत नसेल तर धड्यांत कोठें तरी खोट आहे असें धरून चालणें, ही या पद्धतीची पहिली अट. ती पाळणें फार कठीण जातें, कारण मुलाला मंद म्हणण्यास एक शब्द पुरतो आणि धडा दुरुस्त करण्यास आठवडे लागतात.

धड्यांतील खोट बहुधा प्रथम आज्ञेंतच सांपडते. घरांत दिली जाणारी आज्ञा एका वाक्याची असते: "जा, दांत घांसून ये." ज्याला तें काम येतें त्याला तें एक काम वाटतें. हॉर्नर व काइलिट्झ यांनीं १९७५ सालीं बौद्धिक अपंगत्व असलेल्या ८ किशोरवयीन मुलांना दांत घांसावयास शिकविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत त्या एका कामाच्या १५ पायऱ्या केलेल्या होत्या: ब्रश उचलून नीट धरणें, तो भिजविणें, पेस्टचें टोपण काढणें, ब्रशावर पेस्ट घेणें, टोपण परत लावणें, दांतांची बाहेरची बाजू घांसणें, मग चावण्याची बाजू, मग आंतली बाजू, पेल्यांत पाणी घेणें, चूळ भरणें, तोंड पुसणें, ब्रश धुणें, बेसीन धुणें, सामान जागच्या जागीं ठेवणें, आणि कागदी पेला टाकून देणें. आठांपैकीं सहा जणांना या सर्व पायऱ्या बिनचूक करतां येऊं लागल्या. बाकीच्या दोघांची प्रगति झाली, परंतु तेथवर पोंचली नाहीं.

ही यादी मराठी घरांत जशीच्या तशी चालणार नाहीं हें उघड आहे. जेथें मंजन तळहातावर घेऊन बोटानें लावतात तेथें पहिल्या पांच पायऱ्या निराळ्या होतील. आणि तांब्या एका हातानें कलता करून दुसऱ्या हाताच्या पसांत पाणी झेलणें हें नळाखालीं पेला धरण्याहून कितीतरी अवघड काम आहे. म्हणून यादी पुस्तकांतून उतरून घेऊं नये. ज्या मोरीवर मुलाला तें काम करावयाचें आहे तेथेंच उभें राहून, तें स्वतः सावकाश करून, एकेक हालचाल कागदावर मांडावी. डाव्या हातानें करून पाहिलें तर विसरलेल्या हालचाली अधिक स्पष्ट दिसतात. चड्डी घालतांना एक पाय उचलून दुसऱ्यावर तोल सांभाळावा लागतो ही गोष्ट शिकविणाऱ्याच्या यादींत पुष्कळदां नसते, आणि मूल नेमकें तेथेंच अडतें. त्याला भिंतीला टेकून किंवा पाटावर बसून चड्डी घालूं दिली, कीं काल मठ्ठ ठरलेलें मूल पुढें सरकूं लागतें.

पायऱ्या ठरल्या म्हणजे कोणत्या टोंकापासून आरंभ करावा असा प्रश्न येतो. सहजबुद्धि म्हणते, पहिल्या पायरीपासून. आणि पुष्कळ कामांत तें ठीकहि आहे. परंतु कपडे घालण्यासारख्या कामांत उलट टोंक धरल्यानें मोठा लाभ होतो. सदऱ्याला पांच बटणें आहेत असें समजावें. चार बटणें आईनें लावावींत, पांचवें काजांतून अर्धें बाहेर काढून ठेवावें, आणि मुलानें तें फक्त ओढून घ्यावें. सदरा घालून झाला! काम पुरें केल्याचें समाधान पहिल्याच दिवशीं मुलाच्या वाट्यास येतें. शाबासकी आणि अंगणांत पळण्याची मोकळीक त्याच्याच बोटांच्या कृतीमागून येते. पांचवें बटण संपूर्णपणें त्याचें झालें, कीं आईनें तीनच लावावींत, पुढें दोन, पुढें एक. मूल असें शेवटाकडून आरंभाकडे चालत येतें, आणि रोज नव्या पायरीच्या पुढची वाट त्याच्या ओळखीची असते. पहिल्या बटणापासून आरंभ केला तर मुलानें एक लावावें आणि उरलेलीं चार कोणी तरी घाईघाईनें लावून टाकावींत असें होतें, व काम संपविण्याचें श्रेय रोज दुसऱ्याकडे जातें.

आतां हात धरण्याविषयीं. मुलाला आधीं चुकूं द्यावें आणि मग सुधारावें, हा जुन्या शाळेचा शिरस्ता. ज्याला चूक कशानें झाली हें उमगतें त्याच्यापुरता तो बरा आहे. ज्याला उमगत नाहीं तो त्या चुकीचाच सराव करतो. म्हणून अगदीं नवें काम असेल तेव्हां प्रथम पूर्ण मदत देतात: मुलाच्या पाठीमागें उभें राहून, त्याच्या हातावर हात ठेवून. पाठीमागें अशासाठीं, कीं समोर उभें राहिलें म्हणजे हालचालीची दिशा उलटी होते, आणि मूल कामाकडे पाहावयाचें सोडून शिकविणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतें. पुढें तो हात मनगटावर येतो, मग कोंपरावर, मग खांद्याला नुसता स्पर्श, मग लांबून बोटाची खूण, आणि मग तीहि नाहीं. अर्थात् मुलाला तो स्पर्श नकोसा असेल, तें हात सोडवून घेत असेल, तर तेथेंच थांबून खुणेनें किंवा स्वतः करून दाखवून शिकवावें. बळानें फिरविलेला हात कांहीं शिकत नाहीं.

हात केव्हां व कसा सोडावयाचा हें तो धरण्यापूर्वींच ठरलेलें असावें लागतें. ज्याला जेवण्याची सारी कृति येते, पण आईचें बोट कोंपराला लागल्याखेरीज घांस उचलत नाहीं, असें मूल पुष्कळ घरांत दिसतें. त्याला जेवावयास शिकवितां शिकवितां वाट पाहावयास शिकविलें गेलें आहे. या बाबतींत तोंडची सूचना ही हातापेक्षांहि वाईट. "आतां पाणी घे, आतां चूळ भर, आतां पूस," हें बोलण्यास कांहींच पडत नाहीं, म्हणून तें थांबतहि नाहीं. आणि आईचा आवाज ही त्या पंधरा पायऱ्यांतील सोळावी पायरी होऊन बसते. त्यापेक्षां पायऱ्यांचीं चित्रें मोरीच्या भिंतीवर डकवावींत. चित्रें भिंतीवर राहिलीं तरी बिघडत नाहीं. मोठीं माणसेंहि वाणसामानाची यादी खिशांत बाळगतात. आणखी एक साधा उपाय थांबण्याचा आहे. आरंभीं मदत ताबडतोब द्यावी, नंतर दोन सेकंद थांबून, नंतर चार, नंतर पांच. त्या मोकळ्या जागेंत मूल एक दिवस स्वतः हात पुढें करतें. घड्याळाच्या कांट्यावर पांच सेकंद म्हणजे कांहींच नव्हे; पण नळ वाहत असतां तोंडानें एक अक्षर न काढतां तेवढा वेळ उभें राहणें, ही शिकविणाऱ्याचीच खरी परीक्षा होय.

बक्षिसाविषयीं या पद्धतीवर नेहमीं एक आक्षेप येतो, कीं ही मुलाला लांच देण्याची विद्या आहे. लांच आणि बक्षीस यांतला भेद बाजारांत पाहावा. मूल खेळण्याच्या दुकानापुढें भुईवर लोळण घेतें, चार लोक थांबून पाहूं लागतात, बाप शरमून खेळणें हातीं देतो, रडें थांबतें. ही लांच. ती चांगल्या कृतीनंतर येत नाहीं, वाईट कृति थांबावी म्हणून येते, आणि तिनें एकाच क्षणीं दोघे शिकतात: लोळण घेतली कीं मिळतें हें मूल शिकतें, आणि देऊन टाकलें कीं शांतता होते हें बाप शिकतो. पुढच्या बाजारीं दोघेहि आपापला धडा गिरवितात. वर्तनाचे नियम एकट्या मुलालाच लागू आहेत असें ज्याला वाटतें त्यानें हा प्रसंग नीट न्याहाळावा.

बक्षीस कोणतें, हें देणाऱ्यानें ठरवावयाचें नसतें. ज्याच्यामुळें कृति वाढते तें बक्षीस. बाकीचें सारें शिकविणाऱ्याची समजूत. एका मुलाला पाठीवरची थाप आवडते, दुसऱ्याला ती असह्य होते. एखाद्याला पेढ्यापेक्षां पंख्याचें बटण दाबावयास मिळणें प्रिय असतें. तें कृतीच्या पाठोपाठ यावें, संध्याकाळीं नव्हे. आरंभीं प्रत्येक वेळीं यावें, पुढें विरळ होत जावें. आणि शाबासकी देतांना नुसतें "शहाणा" न म्हणतां "बटण बरोबर ओढलेंस" असें म्हणावें, म्हणजे काय साधलें तें मुलाला कळतें. तरीहि बक्षिसाचें स्तोम माजवूं नये. मार्क गोल्ड या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानें बौद्धिक अपंगत्वामुळें ज्यांच्याकडून कांहींच होणार नाहीं असें लोक धरून चालले होते अशा व्यक्तींना सायकलीच्या ब्रेकचे सुटे भाग जोडावयास शिकविलें, आणि १९७२ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. भाग ठराविक क्रमानें मांडलेले असत. शिकविणारा फारसें बोलत नसे, वाहवाहि करीत नसे; तो गप्प आहे याचा अर्थच बरोबर चाललें आहे असा. चुकलें कीं "दुसऱ्या रीतीनें करून पाहा" अशा अर्थाचे चार शब्द. हेच शब्द पुढें त्याच्या शिक्षणपद्धतीचें नांव झाले. तीं माणसें तें काम शिकलीं, आणि त्यांना गोळ्या-बिस्किटांची गरज पडली नाहीं. कांटेकोर कामांत मोठ्या माणसासारखें वागविलें गेल्यानें त्यांना कदाचित् अधिक कांहीं मिळालें असावें.

आतां मागें राहिलेल्या त्या रागाकडे वळावयास हवें. १९६५ सालीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील लोव्हास व त्यांचे सहकारी यांनीं स्वमग्न मुलांना विजेचे धक्के देऊन वळण लावण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. हा या विद्येच्या इतिहासांतील काळा भाग आहे, आणि तो झांकण्याचें कारण नाहीं. धक्के नसलेल्या शिक्षणांतहि पुढें बराच काळ मुलानें डोळ्याला डोळा भिडवावा, हात फडफडवूं नयेत, मुकाट बसावें, असल्या गोष्टींवर फार वेळ खर्च झाला. तीं मुलें मोठीं झालीं, लिहूं-बोलूं लागलीं, आणि त्यांच्यापैकीं अनेकांनीं सांगितलें कीं हातांची ती हालचाल कोणाला इजा करीत नव्हती, उलट तिनें त्यांचें मन स्थिर होत होतें. तीच त्यांच्यापासून हिरावून घेतली गेली. ही टीका नुसती भावनेची नाहीं. ज्या मुलाला प्रत्येक मोठ्या माणसाचें निमूटपणें ऐकावयास शिकविलें आहे तें त्याचा गैरफायदा घेऊं पाहणाऱ्या माणसाचेंहि निमूटपणें ऐकेल. म्हणून एखादें वर्तन शिकवावयास घेण्यापूर्वीं विचारावें: हें आल्यानें मुलाच्या हातीं अधिक सत्ता येते, कीं घरच्यांना अधिक शांतता मिळते? शौचाला जाऊन स्वतः स्वच्छ होतां येणें हें पहिल्या प्रकारचें. त्यामुळें दुसऱ्या कोणालाहि त्याच्या अंगाला हात लावण्याचें कारण उरत नाहीं.

त्याच प्रकारचें आणखी एक कौशल्य आहे, आणि तें दांत घांसण्याच्याहि आधीं शिकवावें असें पुष्कळ अनुभवी शिक्षक म्हणतात. तें 'नको' म्हणण्याचें. कार व ड्युरंड यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चार मुलें होतीं. आरडाओरड करणारीं, मारणारीं. त्यांनीं प्रथम पाहिलें, कीं हें केव्हां होतें. कोणाचें काम अवघड झालें म्हणजे होई. कोणाकडे लक्ष कमी दिलें गेलें म्हणजे होई. मग पहिल्या प्रकारच्या मुलाला 'समजत नाहीं' अशा अर्थाचें वाक्य सांगावयास शिकविलें, आणि दुसऱ्या प्रकारच्यास आपलें काम कसें झालें तें विचारावयास. जें मारण्यानें मिळत होतें तें सांगण्यानें मिळूं लागलें, तेव्हां मारणें ओसरलें. जें मूल बोलत नाहीं त्याला हात आडवा हलविण्याची खूण किंवा चित्राची एक चिठ्ठी पुरे होते. मात्र त्यानें ती चिठ्ठी पुढें केली, तर त्याचें म्हणणें ऐकलें गेलें पाहिजे. निदान आरंभीं, दर वेळीं.

भारतांत अशा मुलांच्या शिक्षणाचा विचार नवा नाहीं. मुंबईची जय वकील शाळा १९४४ सालीं निघाली आणि पुण्याची कामायनी १९६४ सालीं. १९७० च्या दशकांत मद्रासमध्यें मुलाच्या क्षमतेची जी मोजपट्टी तयार झाली तिच्यांतील प्रत्येक कलम मुलाला काय येत नाहीं असें न विचारतां काय येतें असें विचारतें. एवढ्या फरकानें शिक्षकाची नजर बदलते. सिकंदराबाद येथें १९८४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेनें जेवण, आंघोळ, कपडे, शौच, दांत घांसणें यांवर आईबापांसाठीं पुस्तिका काढल्या. त्या संस्थेच्या नांवांत पूर्वीं 'मानसिक अपंग' असे शब्द होते. आतां तेथें 'बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचें सक्षमीकरण' असे आहेत. नांव बदलून मोरी सोपी होत नाहीं हें खरें, पण ज्याला रोज हांक मारावयाची त्याला कोणत्या शब्दानें मारावी याला किंमत आहेच.

शाळेंत शिकलेलें घरीं येत नाहीं, ही मात्र सर्वत्र ऐकूं येणारी तक्रार आहे. शाळेंतील नळ फिरकीचा असतो, घरचा दांड्याचा. शाळेंत बाई शिकवितात, घरीं आजी. मुलाच्या लेखीं तें काम निराळेंच असूं शकतें. बेअर यांनीं स्टोक्स यांच्याबरोबर १९७७ सालीं लिहिलेल्या निबंधांत याच दुखण्यावर बोट ठेवलें आहे: शिकलेलें दुसऱ्या ठिकाणीं आपोआप उतरेल अशी आशा करीत बसूं नये, तें उतरावें अशी योजनाच करावी. पेज, इवाटा व नीफ यांनीं १९७६ सालीं बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना रस्ता ओलांडावयास शिकवितांना वर्गांत शहराच्या रस्त्यांची प्रतिकृति मांडली आणि तिच्यावर एक बाहुली चालविली. खऱ्या रस्त्यावरील चौक, दिवे व पाट्या त्या प्रतिकृतींत होत्या, म्हणून वर्गांतला धडा रस्त्यावरहि उपयोगी पडला. घरांत याचा अर्थ इतकाच, कीं एक काम दोन नळांवर, दोन माणसांबरोबर, दोन वेळीं करून घ्यावें. आणि आजीला पायऱ्यांचा कागद वाचून दाखवावा, म्हणजे ती मधूनच मुलाच्या हातांतून तांब्या काढून घेणार नाहीं.

त्याच कागदाच्या मागें रोजची नोंद ठेवावी. पायऱ्यांपुढें, स्वतः केली तर एक खूण आणि मदतीनें केली तर दुसरी, एवढें पुरे. नोंद नसली तर स्मरण फसवितें. काल वाईट गेला म्हणून सारा महिना फुकट गेला असें वाटूं लागतें. कागदावर मात्र दिसतें, कीं तीन पायऱ्या मुलाच्या झाल्या आहेत आणि चौथीवर दहा दिवस तें अडून आहे. म्हणजे चौथी पायरी मोठी आहे. तिचे दोन तुकडे करावयास हवेत.

राहतां राहिली वेळ. सकाळीं शाळेची गाडी दारांत येऊन उभी राहते ती शिकविण्याची वेळ नव्हे. त्या घाईंत आई पांचहि बटणें स्वतः लावील, आणि तिला त्याबद्दल कोणी बोल लावूं नये. संध्याकाळीं खेळून आल्यावर कपडे बदलावयाचे असतात, कोणाला कोठें जावयाचें नसतें, तेव्हां तें शेवटचें बटण मुलासाठीं राखून ठेवावें. सकाळीं मुलाला वेळ कमी असेल तर चार बटणें लावून द्यावींत. पण जें एक त्याचें झालें आहे तें त्याच्याकडून काढून घेऊं नये. तेवढ्यासाठीं गाडीला अर्धा मिनिट थांबावें लागलें तरी चालेल.